लाईट गेल्यावरही चालू राहिलेली गोष्ट

५ जानेवारी, सोमवार
इतक्या उशिरानं लिहायला बसलो, वहीनं राग मानू नये. भोरला डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी लिहिणं-वाचणं बंद केलंय. चोरून, मोठी अक्षरं काढून लिहितोय. डोळ्याला काही झालं तर सुरेश, म्हणजे माझा मुलगा, मलाच बोलणार.
त्याची तनू आठवीत आहे. संध्याकाळी डोळ्यात औषध घालते आणि शाळेतून आणलेल्या पुस्तकातली गोष्ट वाचते. गोष्टीतली मुलगी यष्टीनं शाळेत जाते. एक मुलगा तिच्यासाठी खिडकीच्या जागेवर दप्तर ठेवतो. ती आली की उचलतो. बोलत नाही.
“मग?”
“मग काय न्हाई आबा. तिची दिवसभर गणितं चुकतात.”
लई हसलो. पण गोष्टीत इतकं बरं चाललं की मला धडकी भरते.

८ जानेवारी, गुरुवार
डेअरीवर दूध घालायला गेलो, तिथे गोष्ट सांगितली. मुलाच्या दप्तराचा पट्टा तुटलाय, तांब्याच्या तारेनं बांधलाय. त्यानं तिला अर्धा पेरू दिला, मीठ कागदाच्या पुडीत. तिनं पेरू खाल्ला, पुडी ठेवून दिली. माप घेणारा बबन म्हणाला, “आबा, उद्या फुडचं सांगा, न्हाईतर दूध घेनार न्हाई.” चौथी शिकलेल्या माणसाचं कोण ऐकतं एवढं? बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार
काय करून बसलो मी.
तनू वाचत होती. मुलगी फाट्यावर उभी आहे, यष्टी येते, खिडकीत दप्तर दिसतं... तेवढ्यात लाईट गेली. काळोख गुडुप. ती वाचतच राहिली. दोन-चार वाक्यं. मग तिलाही कळलं आणि गप्प झाली.
काळोखात पुस्तक कोण वाचतं? गोष्ट तिचीच होती. सुनेनं मेणबत्ती आणली तेव्हा पोरीनं पुस्तक पोटाशी धरलं होतं.
आणि मी डेअरीवर सगळं सांगितलंय. पुडीसकट.

१२ जानेवारी, सोमवार
सावरायला गेलो. म्हटलं, गोष्ट संपली, त्या मुलाच्या बापाची बदली झाली. बबन खो खो हसला. “कशाची बदली? तांब्याची तार दप्तराला कोन बांधनार, आबा? वेल्ह्यात पान्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करतो, त्याचाच पोरगा की! आपल्याच यष्टीला असतो.”
माझा पुतण्या महादू शेजारी उभा होता. तो हसला नाही. रिकामी किटली उचलून गेला. त्याचं न हसणं मला चांगलं माहीत आहे.
पुस्तकात पोरं एकमेकांकडे बघतात आणि पान संपतं. गावात संपत नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. सुरेशनं तिळगूळ घेतला, पण महादूनं त्याच्या कानावर घातलंय हे कळत होतं. जेवल्यावर तनूला म्हणाला, “पुस्तक दाव.”
पुस्तक पक्ष्यांचं निघालं. चित्रं, खाली नावं.
“ह्यात पोरगं कुठाय?”
तिनं पुस्तक मिटलं. मग सुरेश मला म्हणाला, “तुमी सांगा आबा. काय ऐकलं?”
“पुस्तकातलंच असंल, बाबा. मला कुठं दिसतंय.”
“शाळा बंद. शनवारी मावशीकडं किकवीला जायचं. त्या पोराकडं मी बघतो.”
सून मधे पडली, “अवो, तेरा वर्साची हाय ती. खिडकीची जागा दिली, एवढंच ना?” तिलाच ओरडला.

१६ जानेवारी, शुक्रवार
तनूनं न बघताच औषध घातलं. थेंब गालावर.
विचारलं, “त्या गोष्टीत आजोबा हाय का गं?”
“न्हाई. आजोबा घातला असता तर गोष्ट गावभर झाली असती.”
रागानं नाही बोलली. रागावली असती तर बरं.
“पुढं काय होतं?”
“ती यष्टीत बसते. खिडकीत दप्तर नसतं.”
“आन् उतरते कुठं?”
“अजून ठरलं न्हाई.”
सुरेशला हे सांगावं का? सांगितलं तर पोरीला मारेल. नाही सांगितलं तर...
नाही सांगितलं.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी सुरेशनंच फाट्यावर यष्टीत बसवली. मावशी नसरापूरला येऊन उतरवून घेणार आणि तिथून किकवीला नेणार होती. दुपारी तिचा फोन. यष्टी आली, तनू नाही. कंडक्टर म्हणतो, मधेच उतरली, कुठं ते आठवत नाही.
सुरेश टेम्पो घेऊन वेल्ह्याकडे गेलाय. सीटखालची, चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी काढून जवळ ठेवली, ती मी एका डोळ्यानं पाहिली. महादूही सोबत आहे. सून देवापाशी बसलीय. ऊन उतरलं. औषधाची वेळ होऊन गेली.
तनू, कुठं उतरलीस गं? मला पुन्हा कधी गोष्ट सांगू नकोस, चालेल. पण कुणाचाही मोबाईल माग आणि आईला नुसता मिस कॉल दे. अंधार पडायच्या आत दे.