लारिसाच्या धावपट्टीवरची मेंढरं

॥ श्री ॥

लारिसा, ग्रीस
२ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप आबांना,
नात शिवकन्या हिचा साष्टांग शरणार्थ. वि. वि.

मी गेल्या गुरुवारी सुखरूप पोचले. आजीनं बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या विमानातच अर्ध्या संपल्या. शेजारच्या बाईंना एक दिली, तर त्यांनी दुसरी मागितली आणि तिसरीकडे बघत बसल्या. चटणीचा डबा मात्र मी कुणालाच दाखवलेला नाही.

आमच्या सूतगिरणीनं नवी परदेशी यंत्रं घ्यायचं ठरवलं, म्हणून मला तीन महिने इथल्या कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या कारखान्यात शिकायला पाठवलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांपूर्वी असली यंत्रं मागवायची तर साहेब लोकांच्या दारात चपला झिजवाव्या लागायच्या. आता कागद भराभर सरकतात. मॅनेजरसाहेबांनी गावाचं नाव लारिसा असं सांगितलं, तेव्हा पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. लहानपणापासून हे नाव मी तुमच्या तोंडून ऐकलेलं. नकाशावर ते खरंच असेल असं, खोटं कशाला बोलू, मलाही कधी वाटलं नव्हतं.

आबा, इथं नजर पोचेल तिथवर कापूस आहे. माजलगावच्या कालव्याखालचं रान आठवावं, तसं सपाट, काळंभोर. फक्त वेचणारी माणसं नाहीत. यंत्राचं एक हिरवं धूड येतं आणि तासाभरात अख्खं रान रिकामं करून जातं. सकाळी साडेआठला तुमच्या विमानतळावरून लढाऊ विमानं उठतात. कारखान्याच्या काचा थरथरतात आणि काट्यावरचा थनासिस म्हणून गृहस्थ आहे, तो वजन लिहायचं थांबून चहाचा घोट घेतो. विमानं गेली की पुन्हा लिहायला लागतो. ‘तुमच्या’ विमानतळावरून असं मी मुद्दाम लिहिलं आहे.

आता मुद्द्याचं. मी निघाले तेव्हा तुम्ही एसटी स्टँडवर आला नाहीत, कारण राधाकिशनच्या हॉटेलावरून यावं लागलं असतं आणि तिथं धुळाजीबाबा बसलेले असतात. पंधरा ऑगस्टला शाळेत तुम्ही फौजेतली हकिकत सांगितलीत आणि धुळाजीबाबांनी उभं राहून ती खोटी ठरवली, त्याला दीड महिना झाला. पन्नास वर्षं एका बशीतून चहा प्यालेली दोन माणसं एकमेकांना टाळून रस्ता बदलतात, हे बरं दिसत नाही. आजीनं निघताना कानात सांगितलं की यंत्र नंतर शिक, आधी हे मिटव. म्हणून मी चौकशी करायचं ठरवलं आहे. त्या दिवशी तुम्ही नेमकं काय सांगितलंत ते सगळं लिहून पाठवा.

आजीला शरणार्थ. पत्राची वाट बघायला लावू नका.

तुमची,
शिवकन्या


॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

गेवराई
१६ ऑक्टोबर १९९६

चि. शिवकन्येस,
आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पोस्टमन पाकिटावरचे तिकीट मुलासाठी मागत होता, दिले नाही. तू ‘चौकशी’ हा शब्द वापरलास. फौजेत चौकशी गुन्हेगाराची होत असे. असो. तू विचारलेस म्हणून लिहितो, धुळाजीसाठी नव्हे.

मी अठराव्या वर्षी निजामाच्या मुलखातून पळून नगरमार्गे खडकीला गेलो आणि सफरमैनात, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीत, भरती झालो. इटलीनंतर पंचेचाळीस साली आम्हाला लारिसाला नेले. जर्मन फौज जाताना विमानतळाला सुरुंग लावून गेली होती. धावपट्टीवर विहिरीएवढे खड्डे. गोऱ्या साहेबाने ते दगडविटांनी बुजवले. पाऊस पडला आणि आठ दिवसांत सगळे खाली बसले. पुन्हा भरले, पुन्हा बसले.

मी बघत होतो. ती आपल्यासारखीच काळी जमीन, उन्हात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. चकलांब्याच्या आपल्या रानात काळ्यावर भिंत घातली तर ती पोटातून फुटते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. साहेबाला कोठून कळणार? मी जमादाराला सांगितले की काळी उपसून टाका, खाली कठीण लागेपर्यंत, आणि टेकडीवरचा मुरूम चार चार बोटांच्या थरांनी भरा. साहेबाने विचारले, थर दाबायचे कशाने? रोलर बंदरावर अडकला होता. समोर माळावर मेंढरे चरत होती. कळप रोज जातो ती वाट इतकी घट्ट होते की नांगराचा फाळ उडतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले. मेंढराचा पाय लहान आणि भार मोठा. मी मेंढरांकडे बोट दाखवले. साहेब आधी हसला, मग त्याने मेंढपाळाला बोलावणे धाडले.

मुरमावर पाणी मारायचे, कळप फिरवायचा, पुन्हा थर. दोनशे मेंढरे, नऊ दिवस. दहाव्या दिवशी विमान उतरले आणि पट्टी खचली नाही. निघताना मेंढपाळाने मला एक घंटा दिली. तीच आपल्या दुकानातल्या खुंटीवर आहे. धुळाजी आता म्हणतो, बाजारातून आणली असेल.

ही गोष्ट त्याने पन्नास वर्षे ऐकली आणि कधी हरकत घेतली नाही. पाणी मारल्याचे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो, मास्तरांनी खोदून विचारले म्हणून. तेव्हा तो उठला. म्हणाला, ओल्या जागेत, समोर गवताची काडी नसताना, मेंढरू पाय टाकत नाही. एक वळले की सगळा कळप वळतो. सात पिढ्या मेंढरांमागे गेल्या, मला कोणी शिकवू नये.

शिवे, मेंढरे चालली एवढे मला ठाऊक आहे. का चालली ते ठाऊक नाही. मी तेव्हा मुरूम पाहत होतो, मेंढरे नव्हे. शाळेतली पोरे हसली त्याचे मला काही वाटले नाही. पण धुळाजी हसला नाही. त्याने मान खाली घातली, जणू माझी लाज त्यालाच वाटत होती. ते मला अजून सोसत नाही.

थंडीत कान बांधत जा. लारिसाचा वारा कानात शिरतो.

तुझा,
आबा

ता. क. (आजीचा) : शिवे, हे दिवसभर घरातच असतात. काल माझ्या शेजारी बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडले आणि माझी निवडायची पद्धत चुकते म्हणून सांगितलं. त्रेपन्न वर्षांत आताच कळलं. राधाकिशनची बायको म्हणत होती की धुळाजी रोज संध्याकाळी दोन कप चहा मागवतो आणि एकच पितो. हे ह्यांना सांगितलेलं नाही. लवकर काहीतरी कर.


॥ श्री ॥

लारिसा
१० नोव्हेंबर १९९६

तीर्थस्वरूप आबांना,
साष्टांग शरणार्थ. वि. वि.

हे पत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा एकट्यानं आणि दुसऱ्यांदा जिथं वाचायला पाहिजे तिथं.

परवा शुक्रवारी इथल्या हवाई दलाचा राखणदार मानलेल्या देवदूताचा सण होता. त्या दिवसांत विमानतळ लोकांना बघायला उघडा ठेवतात. थनासिस आणि त्याची बायको मला घेऊन गेले. आपल्या जत्रेसारखीच गर्दी. विमानाच्या पंखाखाली आया पोरांना खाऊ भरवत होत्या. एका खोलीत जुनी छायाचित्रं लावली होती आणि एक तरुण अधिकारी हकिकत सांगत होता. एकोणीसशे बाराच्या लढाईत याच माळावरून लाकूड आणि कापडाचं विमान शत्रूची टेहळणी करायला उडालं होतं. एक्केचाळीसच्या वसंतात आधी भूकंपानं गाव पाडलं, मग बाँब पडले, मग जर्मन आले. आता इथं वरून छायाचित्रं काढणारी विमानं असतात आणि साऱ्या देशाच्या लढाऊ विमानांचा कारभार याच गावातून चालतो. पंचेचाळीस सालाबद्दल एवढंच म्हणाला की दोस्त फौजांनी आणि गावकऱ्यांनी मिळून दुरुस्ती केली. मी मेंढरांचं विचारलं. तो सभ्यपणे हसला. पंधरा ऑगस्टला तुम्हाला कसं वाटलं असेल, ते मला तिथं कळलं.

पण थनासिस हसला नाही. परतताना तो म्हणाला की त्याच्या आईचे मामा असंच काहीतरी सांगतात आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. म्हणून काल आम्ही त्यांच्याकडे गेलो. बार्बा वांगेलिस. बार्बा म्हणजे आपल्याकडच्या काकांसारखं. वय ऐंशीच्या पुढं, अजून वीस मेंढ्या राखून आहेत. थनासिस मध्ये बसून इंग्रजीत सांगत होता.

ते म्हणाले, हिंदुस्थानी शिपाई पुष्कळ होते, नावं आठवत नाहीत. पण एक पोरगा होता, गळ्यात चांदीची अंड्याएवढी डबी घालायचा. अंघोळीलाही काढायचा नाही. काम झाल्यावर यांच्या वडिलांनी त्याच्या मानासाठी कोकरू भाजलं. पोरगा हात जोडून उभा राहिला आणि तुकडाही घेईना. वडील चिडले, इतका मोठा मान कुणी नाकारतं का? मग कुणीतरी म्हणालं की त्या डबीत त्याचा देव असेल आणि देवाचा उपास असेल. तेव्हा त्यांनी त्याला पाव आणि जैतुनाची फळं दिली, आणि रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून घंटा दिली.

आबा, कोकराचं तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. मी माझ्या गळ्यातली तशीच इष्टलिंगाची डबी स्वेटरच्या बाहेर काढली. बार्बा वांगेलिस काठी न घेता उभे राहिले. थनासिसची बायको रडायला लागली आणि तिला कारणसुद्धा ठाऊक नव्हतं.

मग मी धुळाजीबाबांचा प्रश्न विचारला. ओल्या मुरमावर मेंढरं चाललीच कशी? म्हातारबाबा इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, हे विचारणारा माणूस मेंढरं जाणतो. मेंढरं नाहीच चालली, पहिल्या दिवशी वळून पळाली. मग वडिलांनी घरून एक शिंग मोडलेली काळी शेळी आणली. वडील मुठीत मीठ धरून पुढं, मिठामागं शेळी आणि शेळीमागं कळप. तुम्हाला दिलेली घंटा त्या शेळीच्या गळ्यातली.

शेळीचं तुम्ही कधीच बोलला नाहीत. का हो, आबा?

मी आनंदात आहे. यंत्रही शिकते आहे, काळजी नसावी.

तुमची,
शिवकन्या


॥ श्री ॥

गेवराई
३ डिसेंबर १९९६

चि. शिवकन्याबाईस,
धुळाजीचा आशीर्वाद.

(लिहिणार आजी. तो बोलतो तसं लिहिते, माझं कंसात.)

तुजं पत्र आलं तवा तुजा आबा कल्याण माज्या दारात आला. तीन म्हैन्यानं. कागूद फुडं केला. मला कुठं वाचता येतंय? मंग त्यानंच वाचलं. शेळीपाशी आला तवा म्या हात धरला. म्हनलं, फुडं शेळी हुती? म्हनला, हुती की. म्हनलं, मंग पन्नास वर्सं सांगितलं कावून न्हाई बे? तर म्हनतो, शेळीचं काय सांगायचं, मेंढरातच की ती बी. बाई, दुकानदाराच्या पोराला काय म्हनावं तूच सांग. पन्नास वर्सं वरात सांगतोय आन् नवरदेव गाळतोय.

फुडं शेळी असली तर मेंढरू गोदावरीत बी उतरतं. हे मला ठावं हुतं, पर म्या इचारलं न्हाई. त्यानं अर्धं सांगितलं, म्या अर्ध्यावर उठलो. चारचौघात त्याला खोटं पाडलं, मंग निस्तं घरात बसून गोड बोलून भागतंय व्हय? सोमवारी साळंत गेलो. मास्तराला म्हनलं, समदी पोरं गोळा करा. उभा ऱ्हाऊन सांगितलं, कल्याणराव खरा हाय, चूक माजी झाली. (इथं तो रडला. लिहू नको म्हणतो, मी लिहिते. हेही रडले. तेही लिहू नको म्हणतात.)

आता रोज सांजच्याला राधाकिशनच्या हाटेलात बसतो. लोक ती गोष्ट मलाच सांगाय लावत्यात, कारन कल्याणला सांगता येत न्हाई. तो मुरमापासून सुरू करतो, मुरूम कोन ऐकतंय? म्या शेळीपासून सुरू करतो. तीनशे मेंढरं म्हनलं की तो मधीच दोनशे म्हनतो. म्या म्हनतो, गप ऱ्हा, तुजं ध्यान मुरमात हुतं. (डाळ आता माझी मीच निवडते. पद्धत जुनीच.)

घंटी कल्याणनं खुंटीवरून काढून माज्या फुडच्या शेळीच्या गळ्यात बांधली. आवाज लई चांगला हाय. तलावापल्याड कळप असला तरी हाटेलात ऐकू येतो. त्या म्हाताऱ्याला माजा राम राम सांग. म्हनावं, तुज्या बापाचं मीठ वाया गेलं न्हाई.

एक वंगाळ झालं. तुजं पत्र म्या लोकांना दावाय सदऱ्याच्या खिशात ठिवलं हुतं. त्याच शेळीनं वढून खाल्लं. डबीचं पान समदं गेलं, मिठाचं अर्धं ऱ्हायलं. आता सबूत न्हाई. पर आठ दिस झालं, कुनी मागितला बी न्हाई.

घरी ये तवा जपून ये. माया हाय तशीच राखावी.

तुजा,
धुळाजीबाबा

मेंढरे दोनशेच होती. — आबा