बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

दादा,

तुझं पार्सल पोचलं. चॉकलेटं पोरांनी फस्त केली. अँटिबायोटिकच्या गोळ्या माझ्यासमोर आहेत. त्या कचऱ्यात टाकाव्यात की तुझ्या डोक्यात घालाव्यात, हे ठरत नाहीये.

अरे, बाबांचा घसा खवखवला की घे तुझी गोळी. जरा बरं वाटलं की बंद, उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात. शेजारच्या काकूंनाही बाबा त्यातल्याच गोळ्या वाटायचे. "परदेशातलं औषध आहे, रामबाण!" हे पण तुझंच वाक्य.

आता त्यांच्या पायाला झालेल्या जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला भीक घालत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काय काय घेत होते?" मी तो डबाच नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कपाळाला हात लावला. संसर्ग पसरू नये म्हणून बाबांना हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत हलवलंय. नात दारातूनच हात हलवते. आणि तू फोनवर म्हणतोस, "याहून स्ट्राँग पाठवतो." धन्य आहे तुझी!

आज बाबांना म्हटलं, दादाला सगळं स्पष्ट लिहून कळवते. मास्क घातलेला असूनही माझा राग त्यांना दिसला असावा.

"नको," ते म्हणाले. "त्याच्या गोळ्यांनी उतार पडतोय, असं लिही. इतक्या लांबून तेवढंच तर करता येतं त्याला."

बोल, यावर काय लिहू? तुझ्या गोळ्यांसारखंच हे पत्रही अर्धवट सोडून त्याच डब्यात ठेवतेय. फोनवर मात्र उतार आहे म्हणेन.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी