उतरलेली तार

९ नोव्हेंबर

आजही वाजली! मी वह्या तपासत बसले होते. आईने मेणबत्ती लावली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडून वंदना सुरू केली. 'बुद्धं सरणं गच्छामि'मधलं 'सरणं' म्हणताना तिचा आवाज लांबला आणि भिंतीवरून उत्तर आलं — खोल, घुमणारं. खोलीत आम्ही दोघीच. गिटार खिळ्यावर. कुणी हात लावलेला नाही.

आई थांबली नाही. सगळं म्हणून झाल्यावर गिटारीकडे बघून एवढंच म्हणाली, "आला बघ पवन."

माझ्या अंगावर काटा. रोज येतो. भाऊ जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल, तरी रोज येतो.

१० नोव्हेंबर

आई शेजारी गेली होती तेव्हा गिटारीपुढे उभी राहून हळूच म्हटलं, "पवन?" काही नाही. विज्ञानाच्या बाई म्हणे मी!

१४ नोव्हेंबर

केजला शाळेत आज नववीला अनुनाद शिकवला. एक नादकाटा वाजवला की त्याच स्वराचा दुसरा नादकाटा आपोआप बोलायला लागतो. पोरं खूश. परत येताना जीपमध्ये दाटीवाटीने बसले होते आणि एकदम लख्ख कळलं — अगं, हेच तर!

पवनची गिटार साधी नाही. पोट जाड आणि आतून पोकळ, पुढे व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं. पुण्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणलेली. "जॅझची आहे ताई," म्हणायचा. नांदूरघाटात जॅझ! गल्लीतली माणसं तिला भोपळा म्हणायची. एवढं मोठं पोकळ पोट, आईचा आवाज नेमका एखाद्या तारेच्या स्वराचा असणार. भूत नाही की काही नाही.

संध्याकाळी वंदनेच्या वेळी एकेका तारेवर बोट ठेवत चौथीवर आले. गप्प! बोट काढलं — वाजली. सिद्ध झालं.

आईने वंदना मधेच तोडली. म्हणाली, "त्याच्या गळ्यावर हात ठिवलास व्हय?"

जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर

पूर्वी वंदनेला तो आम्हा दोघींच्या मधे बसायचा, गिटार मांडीवर घेऊन. खुंट्या पिळत राहायचा. आई ओरडायची — "वंदनेच्या येळला कसले चाळे रं!" तो माझ्याकडे बघून हसायचा. मी तेव्हा खणखणीत म्हणायचे. आता नुसते हात जोडते. तोंड उघडलं की आवाज येत नाही, हुंदका येतो.

आई म्हणते आणि उत्तर आईला येतं. मला नाही. आईचा हेवा वाटतो. लिहितानाही लाज वाटते — पण वाटतो.

१७ नोव्हेंबर

हरिओम आला होता. पवनच्या गायन पार्टीत पेटी वाजवणारा, त्याचा जिवाभावाचा मित्र. वर्षाच्या दिवशी आमच्या दारात पार्टी गाणार म्हणतो. "ताई, त्या दिवशी त्याची गिटार वाजली पायजे. तू वाजव. शिकवलं हाय ना त्यानं तुला?"

चार सुरावटी शिकवल्या होत्या. पण गिटारीची अवस्था! तारा गंजलेल्या. तिसरी तर तुटलेलीच, अजून खाली लोंबते.

ती तार बघून हरिओमचा चेहरा उतरला. "कार्यक्रमाला लई दिवस होते ताई. पाच तारांवर भागलं असतं. मी म्हणलो बी — एका तारंसाठी बीडला कावून पळतो बे? ऐकलं न्हाई."

मांजरसुंब्याच्या अलीकडे ट्रकने उडवलं. तारेचं पाकीट खिशात सापडलं नाही, म्हणजे जाताना. हा 'कावून', हा 'कशासाठी', वर्षभर माझ्याही मानगुटीवर बसलाय. एका तारेसाठी, पवन?

२३ नोव्हेंबर

पुण्याहून तारा आल्या. आई नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

सगळ्या तारा एकदम सोडल्या. घात! शेवटची सैल झाली आणि तारांखालची लाकडी घोडी सुटून माझ्या मांडीत पडली. चिकटवलेलीच नव्हती! नुसत्या तारांच्या दाबावर बसलेली होती. एकेक तार बदलायची असते, हे नंतर मोबाईलवर वाचलं.

पवनने बसवलेली जागा माझ्या हाताने हलली. घोडी तळहातावर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. आई दारातून बघत होती.

२४ नोव्हेंबर

उजेडात तिरकी धरली तेव्हा लाकडावर दोन फिके ठसे दिसले — घोडीच्या पायांचे. बाकीचं लाकूड उन्हाने काळवंडलेलं. घोडी तिथेच ठेवली, एका हाताने दाबून धरून तारा चढवल्या. तारा दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर चरचरत होत्या. घोडीच्या दोन चकत्या फिरवून ती जराशी उचलली. चरचर गेली. बाराव्या पट्टीवर दाबलेला स्वर आणि मोकळी तार जुळेपर्यंत घोडी केसभर पुढे, केसभर मागे. मग मोबाईलवरच्या ॲपने सहाही तारा अचूक लावल्या. प्रत्येकीला हिरवा दिवा! काय सुंदर बोलते! उगाच नाही पवन हिच्यावर जीव टाकायचा.

संध्याकाळ. आईने वंदना म्हटली. भिंत गप्प.

आईने पुन्हा म्हटली. गप्प.

२५ नोव्हेंबर

गप्प.

२८ नोव्हेंबर

आईने आज वंदनाच म्हटली नाही. मेणबत्ती लावली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. "आता कुणासाठी म्हणू? घालवलास तू त्याला."

अचूक लावली होती मी! तीच चूक झाली म्हणायची.

३० नोव्हेंबर

हरिओमला बोलावून सगळं सांगितलं. तो काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "तो खुंट्या पिळायचा का न्हाई, तवा मला म्हणायचा, आई, सरणं लांब म्हण. अजून लांब. मी म्हणायची. काय करतो ते कुठं ठावं मला!"

चाळे नव्हते ते. आईच्या आवाजाला तार लावत होता!

"आई, म्हण ना एकदा."

नको म्हणाली. मग म्हणाली. मी चौथीची खुंटी हळूहळू सैल करत गेले. एका जागी तारेने आईचा आवाज उचलला आणि सगळं घर घुमलं. आईने पदर तोंडाला लावला. "आला गं बाई, आला." आम्ही तिघेही रडलो. हरिओम तर पोरासारखा.

जाताना तिसऱ्या तारेवर टिचकी मारून म्हणाला, "पण ही अशी नव्हती. ही तो कायम उतरलेली ठिवायचा. माझ्या पेटीला लागायचीच न्हाई. रोज भांडायचो मी. म्हणायचा, राहू दे बे, ती तशीच पायजे." कान लावून त्याने मला खुंटी पिळायला लावली. "खाली... अजून जरा... बास! हीच ती बोंब." वर्षानुवर्षं कानाला खुपलेला स्वर, विसरेल कसा?

ऐकायला वाईटच लागते. पण त्याची होती, तशी ठेवली.

३ डिसेंबर

वर्ष झालं. पार्टी गायली, दार भरून माणसं. मी चार सुरावटी वाजवल्या. तिसरी तार प्रत्येक वेळी खटकली. हरिओम पेटीवरून माझ्याकडे बघून हसला — पहिल्यांदाच, पवन गेल्यापासून.

४ डिसेंबर

मावशी आईला माजलगावला घेऊन गेली. घरी मी एकटी. मेणबत्ती लावली. म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच तोंड उघडलं. आवाज फुटला. 'सरणं' लांबवलं.

वाजली.

धावत जाऊन तारांना बोट लावून पाहिलं. चौथी शांत होती. तिसरी थरथरत होती.

पुन्हा म्हटलं. पुन्हा तिसरीच. ती माझ्या आवाजाला लावलेली होती. हीच तार आणायला गेला होता तो.