इंडिकेटर चालूच राह्यला

धानोरा,
मंडईच्या आधीचा रविवार

जिवलग गुलाम रसूलभाऊले दादाजीचा रामराम अन् सलाम, दोन्ही घे. (एक जास्त झाला तर सुलताना भाभीले दे.) तुह्ये गुडघे कसे आहेत? नागभीडले तुह्या बिलालकडे राहाले गेला अन् तिथी तुले चढाले जिना भेटला, असं ऐकलं. मी बरा आहे. बीपीची गोळी घेतो, जेवतो, झोपतो, अन् मधात जो वेळ उरते तो लय आहे. फोन काऊन नाई केला म्हणशील, तर फोनवर तुह्या "हाव, हाव"च्या मागून टीव्हीचा आवाज येते. म्हणून तुले कागदावर धरलं.

गोष्ट आपल्या पांढऱ्या गाडीची आहे. तुह्यं दुकान विकाच्या आधी तिची वायरिंग तूच केली होती, तवा आता तुलेच ऐकावं लागेल. वळण संपलं का इंडिकेटरची दांडी आपोआप सरळ याले पाहिजे, ते खटकं कवाच मोडलं होतं. मी दुरुस्त केलं नाई, कारण बाजूच्या सीटवर सीता बसे. वळण झालं का "बंद करा जी" म्हणे. गाडीत पेट्रोल आहे का नाई, रस्ता बरोबर आहे का नाई, याच्याशी तिले काई घेणंदेणं नव्हतं, पण इंडिकेटरवर तिची नजर राहे. मागच्या उन्हाळ्यात ती गेली, अन् तवापासून मी एकदा वळलो का वळलेलाच राहतो. टी-पॉइंटपासून घरापर्यंत उजवा चालू. बल्ब गरम होऊन होऊन उडाले लागले.

निकेश मंडईच्या जत्रेले अन् नाटकाले येतो म्हणत होता. सुट्टी नाई भेटली, म्हणून त्यानं पुण्याहून एलईडी बल्ब पाठवले. (पोरगा नाई, उजेड आला.) म्हणे, "बाबा, हे उडतच नाई. दिवसभर चालू राह्यले तरी टेन्शन नाई." काय हुशार पोट्टं आहे पाह्य! बाप विसरते, तर त्यानं विसरण्याची पक्की सोय करून देली.

बल्ब बदलणं म्हणजे का मोठं काम आहे, असं मी जेवण झाल्यावर म्हणत होतो. एलईडीले उलटं-सुलटं राहते हे डब्बीवर लिहिलं नव्हतं. जुना बल्ब कसाबी खुपसला तरी पेटे, बिचारा. हा पेटेना. मी त्याले फुंकलं, बनियनले पुसलं, निकेशच्या शिक्षणाले शिव्या घातल्या, अन् शेवटी वैतागून उलटा लावला तर फक्कन पेटला! अन् काय पेटला बाप्पा! टिक... टिक... नाई, टिकटिकटिकटिक, जशी गाडीच घाबरली. बाजाराच्या दिवशी अकरम मेकॅनिकले दाखवलं. तो म्हणे, एलईडी करंट कमी खाते, म्हणून रिलेले, म्हणजे त्या टिकटिक करणाऱ्या डब्बीले, वाटते एक बल्ब गेला, अन् तो जोरात मारते. मी म्हटलं, बल्ब तर सगळे आहेत. तो म्हणे, "आहेत ना जी, पण त्याले जाणवत नाई." नवा रिले बोलावतो म्हणाला, अन् मी तसाच घरी निघालो.

आता तुले माहीत आहे, गडचिरोलीच्या दवाखान्यातून कोणाले घरी आणतात, जित्ता नाईतर दुसऱ्या परीनं, तवा ड्रायव्हर अशीच जोरात बत्ती मारत गावात शिरते, अन् लोक हातचं काम टाकून गाडीमागं येतात. मी उजवीकडं वळलो, दांडी विसरलो, अन् फुलकोबी घेऊन गाणं गुणगुणत बाजारातून हळूहळू चाललो. मागून अर्धा बाजार, एक शब्द न बोलता. आंगणात गाडी थांबवली तर पत्रू न्हाव्याच्या खुर्चीवरून तसाच उठून आलेला, एका गालाले साबण, अन् शिंगाडेवाली सुकरीबाई टोपली डोक्यावर घेऊन. पत्रूनं मागचं दार उघडलं, उचलाले हात घातला, अन् हातात फुलकोबी आली. सुकरीबाईनं रडणं सुरू केलं होतं, ते तिले मधातच थांबवता येईना.

"कोण गेलं गा?" पत्रू म्हणे.

"कोणी नाई."

"मंग बत्ती काऊन?"

"निकेशनं पाठवली."

वाटलं, आता शिव्या देऊन जातील. पण दारापर्यंत आलेला माणूस तसाच कसा जाईन? बसले. सीताचे स्टीलचे गिलास मी फळीवरून काढले, तेरवीपासून तिथीच होते. चहा केला. साखर जास्त झाली म्हणून सगळ्यांनी मले फाडून खाल्लं. माह्या आंगणात बसून माह्या चहाले नावं ठेवली, रसूल! मले इतकं बरं वाटलं का मी मुद्दाम दुसऱ्या खेपेले आणखी साखर टाकली. सुकरीबाईनं शिंगाडे उकडले. मंग दिवे लागाच्या वेळेले एकेक जण उठला. कोणाच्या घरी मंडईले कोण पाहुणा येणार, तेच बोलत बोलत गेले. मले कोणी विचारलं नाई, अन् बरंच झालं.

मंग अकरम येऊन नवा रिले लावून गेला. आता इंडिकेटर शहाण्यावानी चालते, आवाजबी करत नाई. काल मी मुद्दाम चालू ठेवून बाजारातून आलो. पत्रूनं न्हाव्याच्या खुर्चीवरूनच हात दाखवला अन् दाढी करून घेत राह्यला. घर खाले उठते, रसूल. लिहूनच टाकतो.

बाकी सर्व ठीक. बिलालले आशीर्वाद. जिना हळू चढजो.

तुहा,
दादाजी

ता. क. – तुह्या भंगाराच्या डब्ब्यात जुना रिले पडला असन तर पाठवून दे. काई विशेष नाई, मंडईच्या दिवशी लावून गावात एक चक्कर मारतो म्हटलं.

दुसरं ता. क. – पाठवू नोको. जुना रिले गाडीच्या कप्प्यातच आहे, अन् लावता मलेबी येते. पण लोकायले कोणाच्या मरणावर दुसऱ्यांदा बोलावणं बरं नाई. नाटकाची तिकिटं मी निकेश येणार म्हणून आधीच काढली होती. त्याचं तिकीट घरीच पडलं आहे. तूच ये.

शेवटचं ता. क. – मी टी-पॉइंटवर गाडी घेऊन उभा राहीन. आणू काई नोको. फक्त बाजूच्या सीटवर बस, अन् वळण झालं का "बंद कर बे" म्हण.