होडी वल्हवणारं कासव

ठाकूरसाई, पवनानगर
आयतवार, ८ डिसेंबर २०२४

चि. अपेक्षाला कस्तुराबाईचा आशीर्वाद. माझ्या नावानं छकुलीचा गालगुच्चा घे, पण हळू घे.

मी बरी हाय. गुडघं दुखत्यात, ते दुखणारच. भात झोडून झालं. धरणाकडंच्या तंबूवाल्यांकडं पाव्हणं वाढल्यात, म्हणून शनवारी-आयतवारी भाकरी थापायला जाती. आता तू म्हणशील, फोन असताना सासूबाईंना पत्राचं काय खूळ सुचलं. अगं, फोनवर तू "बरं हाय ना?" एवढं इचारतीस आन् लगीच पोरीच्या हातात फोन देतीस. पत्र तसं मधीच कुणाच्या हातात देता येत न्हाई. जीपवाल्या विठ्ठलला सांगितलंय, तुझ्याच हातात दे म्हणून.

पयली बातमी टीव्हीची. आमचं 'भिंगरी' चॅनल गेलं. कोपऱ्यात ती हिरवी भिंगरी फिरायची बघ. एक दिस सांजंला बघती तर सगळं जांभळं, आन् नाव काय तर 'टॉको'. माझा संदीप गेला, त्याच्या माघारी तू पोरीला घेऊन लोणावळ्याला चिक्कीच्या कामावर गेलीस, तवापासनं आमा आजी-नातीचा नेम हाय, तुला ठावंच हाय. दिवेलागणीला ती तिकडं कार्टून लावती, मी हिकडं, आन् फोन मधी उघडा ठेवायचा. बोलायचं काय न्हाई. ती हसली की मी हसायचं. तेवढा येळ नात माझ्या मांडीवर असती. त्या सांजंला मी नुस्ती बटणं दाबत ऱ्हायले आन् ती तिकडं एकटीच हसत व्हती. लय जिवाला लागलं माझ्या.

दुसऱ्या दिशी डिशवाला प्रितम आला आन् चॅनल हुडकून दिलं. म्हणला, मावशी, तेच हाय, नाव आन् कपडं बदलल्यात. अस्वल तेच, खार तीच. फकस्त चित्र आता रुंद करून पाठवत्यात, नव्या टीव्हीच्या मापाचं. आपला टीव्ही जुना, चौकोनी, पाठीला पोक आल्याला.

पयलं अस्वल आन् खार मिळून होडी वल्हवायची. आता बघावं तर दोघं मांडीवर हात ठेवून निवांत, आन् होडी आपली चाललीय. मी छकुलीला इचारलं, होडी वल्हवतं कोण गं? ती म्हणली, कासव. मी म्हणलं, हितं कुटं कासव न्हाई. ती म्हणली, हाय, नवीन आलंय, पार टोकाला बसतंय. मी म्हणलं, उगा थापा मारू नगं. मग काय, पोरगी इरेला पेटली.

"अतुलकाकाला इचार. आमी तिघंबी बघतो."

मागनं तुझा आवाज आला. फोन बंद.

मी काय इचारलं न्हाई. दुसऱ्या दिशी बी न्हाई. भागुबाईच्या म्हशीला रेडी झालीय, कपाळावर पांढरा ठिपका हाय. छकुलीला सांग.

मागल्या बुधवारी प्रितम परत आला व्हता. त्यानं डब्ब्याचं कायतरी बघितलं आन् म्हणला, सेटिंग चुकलीय मावशी, तुमच्या टीव्हीवर दोन्ही कडा कापून चित्र येतंय. बटण दाबलं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, चित्र बारीक झालं, पण सगळं मावलं. आन् होडीच्या टोकाला कासव. खाली मान घालून वल्हवतंय, बोलत न्हाई काय न्हाई. किती दिस बसलं आसंल तितं. मी अस्वलाकडं बघितलंच न्हाई मग.

बघता बघता डोळा लागला. भाईर धरणावरनं धुकं वर येत व्हतं, दार उघडंच व्हतं. मला वाटलं पाणी उंबऱ्यापातूर आलंय. त्यावरनं होडी आली, तिचा आवाज न्हाई. तुमी दोघी बसलेल्या, मधी संदीप. आपल्या बांधाजवळ तो उतरला, पायजमा वर धरून, ल्हानपणी उतरायचा तसा. मला म्हणला, आई, भूक लागलीय. आन् होडी तुमा दोघींना घेऊन पुढं गेली. थांबली न्हाई, बुडाली बी न्हाई. मी जागी झाले तवा मला रडू यायला पायजे व्हतं, पण तसं झालं न्हाई. हलकं वाटलं.

मग मी फोन घेतला. छकुलीच्या शाळंचा तो फोटो, डोक्याला मोरपीस बांधलेला, तूच धाडलेला. हितं त्यो चौकोनीच दिसतो. पोरगी मधी, आन् तिच्या खांद्यावर कडंनं कुणाचा तरी हात. बोट ठेवलं की फोटो पुरा उघडतो, ते मला ठावं व्हतं. इतकं दिस ठेवलं न्हाई. त्या सांजंला ठेवलं. तू हायस, आन् तो अतुलकाका हाय. रेल्वेचं नारिंगी जाकीट घातलेलं, कामावरनं तसाच आल्याला. पोरीचं दप्तर त्याच्याच खांद्याला. तू हसतीयास. किती दिसानं बघितलं तुला हसताना.

बाकीचं विठ्ठलनं सांगितलं. खंडाळ्याला गँगमन हाय, सरळ हाय, दारू पीत न्हाई. तुझ्या मामाच्या घरी लगीन ठरलंय म्हणं, दिस मावळल्यावर, चार माणसांत.

राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या संदीपच्या जागी दुसरा, हे बी मनात आलं. पण खरा राग त्याचा न्हाई. मला परक्याच्या तोंडनं कळावं ह्याचा हाय. आन् रागाच्या खाली भ्या हाय. त्या घरात दुसरी आजी आसंल. माझी छकुली मला इसरंल का, एवढंच भ्या. लिवलं बघ एकदाचं.

आपल्यात मोहतूर, इधवेचं दुसरं लगीन, अंधारात लावायची रीत. सवाष्णींनी नवरीचं तोंड बघायचं न्हाई. माझ्या थोरल्या बहिणीचा लागला तवा आमा पोरींना आत कोंडून घातलं व्हतं. सकाळी उठले तर तिचं अंथरूण गुंडाळलेलं. चोरी केल्यागत गेली ती, आन् पुढं जलमभर माह्यारी मान वर करून बोलली न्हाई. तुझी तशी गत मला बघायची न्हाई. तू कुणाचं काय चोरलं न्हाईस.

दिवसा लाव. चांगलं उन्हात, मांडव घालून. मामा रीत सांगाया लागला तर म्हण, माझी सासूच येतीय, तिला सांगा. तुझी आई न्हाई, तवा आईच्या जागी कोण उभं ऱ्हाणार ह्याची काळजी नगं. मी सवाष्ण न्हाई, तरी ओवाळणार मीच. कुणाला बघवत न्हाई त्यानं मान फिरवावी.

तारीख कळव. मला इचारू नगंस, नुस्ती कळव.

तुझी,
मुलीकडची,
कस्तुराबाई