न चाखता केलेलं ऑम्लेट

आई,

सकाळी लेकीचा फोन आला होता. ती आता शॉमबर्गला नोकरी करते, एकटी राहते, स्वतःचं स्वतः रांधून खाते. स्क्रीनवर तिच्या हातात चौकोनी तवा होता आणि त्यात फाटलेलं, एका कडेला करपलेलं जपानी ऑम्लेट. "आजीसारखं का होत नाही? हाऊ मच शुगर डिड शी पुट?" मी म्हटलं, "अगं, तिने ते कधी चाखलंच नाही. तिला तरी काय माहीत असणार!" पोरीने तवा खाली ठेवला. तिला हे ठाऊकच नव्हतं. फोन ठेवला आणि तुला लिहायला बसले.

तू माझ्या लग्नाला आली नव्हतीस. बाबा एकटे आले. कोणी विचारलं की "तिचे गुडघे दुखतात" एवढंच सांगत राहिले. जावई जपानी आहे यापेक्षा तो काय काय खातो, हेच तुला जास्त लागलं असावं. बाबा गेले, सांगलीचं घर तुला खायला उठलं, तेव्हा कुठे तू इकडे परदेशी, आमच्या बेलव्ह्यूच्या घरी आलीस. नात तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. आपल्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं, हे मी नवऱ्याला केव्हातरी सांगितलं असेल. तू यायच्या आदल्या दिवशी त्याने तवा, अंडी, सोया सॉसची बाटली, सगळं मुकाट्याने गराजमध्ये नेलं. मग रोज सकाळी जॅकेट घालून, गराजचं दार वर करून, छोट्या गॅसच्या शेगडीवर तो लेकीच्या डब्यासाठी ऑम्लेट करायचा. तवा त्याच्या आईचा होता. तो कॉलेजात असताना ती गेली. तू खिडकीशी उभी राहून त्याच्याकडे बघायचीस. एकदाच विचारलंस, "एवढ्या थंडीत बाहेर का उभे राहतात ते?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी." तू खिडकीपासून बाजूला झालीस.

त्या हिवाळ्यात तो ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. ऑम्लेट थांबलं. मी करून बघितलं, पण माझ्या हातून त्याची भुर्जीच व्हायची. लेक डबा तसाच परत आणू लागली. "आय वॉन्ट डॅडीज एग," म्हणून एका सकाळी तिने जे भोकाड पसरलं, ते काही थांबेना. तू देवाची पूजा आटोपून बाहेर आलीस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "तो तवा आत आण. आणि त्यांना म्हणावं, कसं करायचं ते सांगा."

मी पळत जाऊन तवा आणला.

आजही मला ते स्वयंपाकघर जसंच्या तसं दिसतं. तो ओट्याला टेकून इंग्रजीत सांगतोय, मी मराठीत तुला सांगतेय. अंडं फेसायचं नाही, हलक्या हाताने नुसतं मोडायचं. तव्याला तेलाचं बोट फिरवायचं, पातळ थर ओतायचा, जरा धरला की गुंडाळायचा, गुंडाळी पलीकडे सारायची, परत तेल, परत थर, आणि तो थर गुंडाळीच्या खाली जाऊ द्यायचा. पहिलं अंडं फोडताना तू मान फिरवलीस, श्वास रोखलास. पण गुंडाळायला लागलीस आणि तुझा चेहराच बदलला. "अगं, ही तर सुरळीच्या वडीसारखीच कला आहे!" सुक्या मासळीचं पाणी यात एरवी घालतात, ते त्याने तुझ्याकरता आपणहून वगळलं होतं. नुसती समुद्री शेवाळाची पट्टी भिजवलेलं पाणी, मीठ, साखर आणि सोया सॉस. साखर घालताना मी म्हटलं, "आई, न चाखता कसं कळणार तुला?" तू म्हणालीस, "नैवेद्याचं चाखते का मी कधी?"

ऑम्लेट कापलंस. त्याला डाव्या हाताने चॉपस्टिक्स धरता येईनात, काटाही सापडेना. तू तुकडा उचललास आणि सरळ त्याच्या तोंडाशी नेलास. माझ्या लग्नाला न आलेली तू. त्याने तोंड उघडलं, खाल्लं. मग मला म्हणाला, "माझ्या आईचं याहून थोडं गोड असायचं." मी ते तुला सांगितलं. तुझे हात अजून अंड्याने माखलेले होते. "मग त्याला विचार, त्याची आई साखर आधी घालायची का नंतर?" तोवर तू कायम त्याला अहोजाहो करत होतीस. ते 'त्याला' माझ्या कानांनी टिपलं. प्रश्न मी त्याला इंग्रजीत सांगितला; 'अहो'चं 'अरे' झाल्याचं त्याला कळायचं कारण नव्हतं, तरी त्याने डोळे पुसले. "आधी, आई," तो मराठीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी तू साखर वाढवलीस.

प्लॅस्टर निघालं तरी तवा पुन्हा गराजमध्ये गेला नाही. तू परत जाईपर्यंत तूच करत राहिलीस आणि रोज त्यानंतर पुन्हा आंघोळ करत राहिलीस. त्यात तू कधी सूट घेतली नाहीस, आणि आम्हालाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सांगलीला परतल्यावर दोन पावसाळेही तू काढले नाहीस. तुझी बातमी आली तेव्हा तो सिंकपाशी उभा राहून किती तरी वेळ नळ सोडून रडत होता.

इथल्या मैत्रिणींना मी ही गोष्ट सांगते. सगळ्या एकच म्हणतात, "यार, अजून काय हवं? हातांनीच बोलल्या की त्या." मीही हो म्हणते. लेकीलाही उद्या हेच सांगेन.

पण तू गेल्यावर इतकी वर्षं मी कुणापाशी बोलले नाही, ते इथे लिहिते, कारण हे कागद कुठे जाणार नाहीत. मला ते पुरलं नाही, आई. तू त्याला जवळ केलंस, नातीला जवळ केलंस. माझ्याकडे बघून एकदा, एकदाच, "चांगला माणूस निवडलास गं," एवढं म्हणायला हवं होतंस. तू परत निघालीस तेव्हा एअरपोर्टवर मी शेवटपर्यंत त्या शब्दांचीच वाट बघत होते.