बाजाराला निघालेली ज्ञानदा

जूचंद्र,
१२ जुलै २०२५

प्रिय रुचू,

आम्ही सगळे बरे आहोत. रविवारी पापडीला आईकडे जाऊन आले. तिचा गुडघा आता बरा आहे, निघताना केळफुलाची भाजी बांधून दिली.

तुझ्या खेळाचा नवा भाग मोबाइलवर मिळाला. ज्ञानदा आजीसाठी बाजाराला जाते, राजेळी केळी मोजून घेते, पाट्या वाचत घरी येते. तुझ्या भाचीसाठी किती जीव लावून रचलंस! आता तर पाट्यांवर जोडाक्षरंही आलीत.

फोन केला असता, पण मितेश शेजारीच असतो.

रुचू, जोडाक्षरं काढ गं.

तुला तिकडे तिची उत्तरं दिसतात. दिवाळीपासून ती बरोबर येत गेली, म्हणून तू खेळ अवघड करत गेलीस. ती उत्तरं तिची नाहीत. मितेश सातिवलीहून कामावरून आला की लेकीला मांडीवर घेतो, तिचं बोट धरून बरोबर चित्रावर टेकवतो आणि टाळ्या वाजवतो. तीही वाजवते.

एकदा म्हटलं, "अरे, तिचं तिला करू दे की."

"तिनेच सांगितलं. मी नुसतं बोट लावलं."



डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, कंटाळा करते. कंटाळा नाही. हा आजार शिकलेलं एकेक काढून घेतो. आधी आकडे गेले, मग अक्षरं. पुढे नजर जाईल म्हणाले. औषध नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी मितेशला उशीर झाला म्हणून खेळ मीच लावला. तुझा आवाज आला, "ज्ञानदा, कुठल्या वाटेने जाशील?" ती ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मम्मा, ज्ञानदा कोण?"

"तू, बाळा."

"नाय," म्हणाली, आणि पुन्हा त्या चित्रातल्या मुलीकडे बघत बसली.

तू म्हणशील, सोपं करून देते. किती सोपं करशील? जोडाक्षरं काढ म्हणाले, तेही नको. हा खेळ आहे तसा राहू दे, हवा तर आणखी अवघड कर. तो मितेशसाठी. पोरीसाठी दुसरा कर. त्यात प्रश्न नकोत, केळी नकोत, तिचं नावही नको. तू नुसतं बोलत राहा. तिला ऐकू येतंय तोवर मी लावत जाईन.

लवकर कर, रुचू.

तुझी,
ताई